सायबेरियन आयरिसची नवी लागवड पहिल्या हिवाळ्यातून पार कशी न्यावी

नावातच सायबेरिया असलेले रोप थंडीला कशाला भिईल, असे म्हणत मी पहिल्या वर्षी चार रोपे जमीन गोठायच्या जेमतेम तीन आठवडे आधी लावली आणि त्यांना विसरून गेलो. बर्फ वितळला तेव्हा चारातली दोन मुळांसकट जमिनीवर आडवी पडली होती, कुणी उपटून ठेवावीत तशी. मुळे वाऱ्याने सुकून सुतळीसारखी झाली होती. तिसरे अर्धे वर आले होते, ते दाबून बसवले आणि वाचले. चौथ्याला काहीच झाले नव्हते. त्याच्यावर आपोआपच पालापाचोळ्याचा ढीग साचला होता.

या झाडाच्या काटकपणाबद्दल जे लिहिले जाते ते खरेच आहे. अमेरिकेच्या हिवाळी तापमान पट्ट्यांच्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यापर्यंत लावतात, म्हणजे जिथे पारा उणे 34 ते उणे 40 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो तिथपर्यंत. पण हा काटकपणा जम बसलेल्या झाडाचा. नव्या रोपाची मुळे निम्मी तुटलेली असतात आणि उरलेली अजून मातीत गुंतलेली नसतात. त्यामुळे पहिल्या वर्षी काम एकच: जमीन गोठण्याआधी मुळे मातीत उतरवायची, आणि गोठल्यावर ती तिथेच राहतील असे पाहायचे.

आधी हातात काय आहे ते पाहा

आयरिस म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दाढीवाला आयरिस येतो: जाडजूड आडवा कंद, रुंद पाने, खालच्या पाकळीवर सुरवंटासारखी केसाळ पट्टी. त्याचा कंद मातीबाहेर अर्धा उघडा ठेवतात, त्याला ऊन लागते. सायबेरियन आयरिसची पाने गवतासारखी अरुंद, गड्डा बारीक आणि दाट, आणि खाली तंतुमुळांचा झुपका. तो उघडा ठेवला तर वाळतो. दाढीवाल्याचा नियम याला लावणे ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक. इंटरनेटवर 'आयरिस कसा लावावा' एवढेच शोधले तर बहुधा दाढीवाल्याचीच कृती हाती लागते.

सायबेरियन या नावाखाली मुख्यतः दोन जाती आणि त्यांचे संकर येतात. स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये नाव दिलेला आयरिस सिबिरिका मध्य आणि पूर्व युरोपापासून पश्चिम सायबेरियापर्यंतच्या ओलसर कुरणांतला. दुसरा आयरिस सँग्विनिया, पूर्व सायबेरिया, कोरिया, जपानकडचा. या दोघांत 28 गुणसूत्रे असतात. चीन आणि हिमालयाच्या डोंगरांतला आणखी एक गट आहे, 40 गुणसूत्रांचा. त्यातली काही फुले जवळजवळ काळी आणि फारच देखणी असतात. पण कडक हिवाळ्यात त्या गटाचा भरवसा कमी, आणि उन्हाळाही त्याला थंड आणि ओलसर लागतो. पहिली लागवड असेल तर मोहात पडू नका, 28 गुणसूत्रांच्या गटातलेच वाण घ्या.

त्यातही नवे, महाग वाण कशाला? 'सीझर्स ब्रदर' हा गडद जांभळा वाण कॅनडाच्या एफ. क्लीव्हलंड मॉर्गन यांचा, 1932 सालचा, आणि आजही तो सहज मिळतो. इतकी वर्षे टिकून राहिलेले झाड नवख्याच्या चार चुका पोटात घालते. पिवळा-पांढरा हवा असेल तर 'बटर अँड शुगर' आहे. तो करियर मॅक्‌युअन यांनी तयार केला. हे गृहस्थ पेशाने डॉक्टर, आणि त्यांची आयरिसची बाग अमेरिकेच्या मेन राज्यात, म्हणजे चांगल्याच थंड प्रदेशात होती.

केव्हा लावायचे

दोन वेळा चालतात. एक, वसंताच्या सुरुवातीला, कोंब बोटभर वर आले की लगेच. दुसरी, उन्हाळा ओसरताना, फुले येऊन बरेच दिवस झाल्यावर. ही दुसरी वेळ निवडलीत तर तारीख पुढून मागे मोजा: तुमच्याकडे जमीन साधारण केव्हा गोठते ते पाहा आणि तिथून किमान सहा आठवडे मागे या. मी आठ धरतो. पहिले दव गोठते तो दिवस यात मोजायचा नाही. पाने करपली तरी माती बरेच दिवस उबदार असते आणि मुळे आत वाढत राहतात.

हिवाळा उणे 30 अंशांच्या खाली जात असेल, किंवा शरद ऋतू आला म्हणेपर्यंत संपत असेल, तर माझे मत सरळ आहे: वसंतातच लावा. त्या वर्षी फूल दिसणार नाही, पण मुळांना सगळा मोसम मिळतो.

पार्सल उशिरा आले तर? लावायचा हट्ट धरू नका. रोप कुंडीत भरा, पाणी द्या, आणि कुंडीच काठापर्यंत जमिनीत पुरून वर पेंढ्याचा जाड थर द्या. गरम न केलेले गॅरेज असेल तर तिथे ठेवले तरी चालते, फक्त माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची नाही. वसंतात कुंडीतून काढून कायमच्या जागी लावा.

जागा

उन्हाळ्यात रोज सहा तास ऊन हवे. अर्ध्या सावलीत झाड जगते, पण फुले मोजकीच येतात आणि देठ कलतात. माती किंचित आम्ल, सामू (pH) साडेपाच ते सातच्या दरम्यान, सेंद्रिय पदार्थाने भरलेली, ओल धरणारी. चुना किंवा लाकडाची राख घालू नका.

'पाणथळ जागेतले झाड आहे, तळ्याच्या काठी लावा' हा सल्ला अर्धाच खरा आहे. वाढीच्या दिवसांत त्याला भरपूर ओल आवडते. पण हिवाळ्यात गड्ड्यावर पाणी साचून त्याचा बर्फाचा तवा झाला तर नवे रोप गुदमरते आणि कुजते. खात्री करायची असेल तर हातभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 15 सेंटिमीटर उंच करा.

जागा निवडताना हिवाळ्यातले ऊनही बघा. दक्षिणेकडच्या भिंतीलगत दुपारी माती वितळते आणि रात्री पुन्हा गोठते, रोजच. (दक्षिण गोलार्धात हीच गोष्ट उत्तरेकडच्या भिंतीची.) नव्या रोपासाठी यापेक्षा वाईट जागा शोधून सापडायची नाही. उलट जिथे बर्फ उशिरापर्यंत टिकून राहतो ती जागा सोन्यासारखी. भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते, म्हणजे ती फुकटची रजई झाली. एक अपवाद: रस्त्यावरचा मीठ मारलेला बर्फ फावड्याने ओढून जिथे टाकला जातो, तिथे काही लावू नका.

माती 30 सेंटिमीटर खोल खणून त्यात चार बोटे जाडीचा कुजलेल्या कंपोस्टचा थर मिसळा. ताजे शेण नको. रासायनिक खतही आत्ता नको, ते कोवळ्या मुळांना भाजते आणि शरदात नको तेव्हा पालवी फोडते.

पार्सल उघडल्यापासून खड्ड्यापर्यंत

पुष्कळ रोपे इथेच मरतात आणि दोष हिवाळ्याला दिला जातो. दाढीवाल्याचा कंद टेबलावर आठवडाभर पडला तरी बिघडत नाही. सायबेरियन आयरिसची तंतुमुळे उन्हावाऱ्यात अर्ध्या तासात मान टाकतात. म्हणून रोप हातात येताच मुळे बादलीभर पाण्यात बुडवा, दोन-चार तास किंवा रात्रभर. खड्डा खणत असतानाही रोप बादलीतच राहू द्या, शेवटच्या क्षणाला बाहेर काढा.

पाने 15 ते 20 सेंटिमीटर ठेवून वरची कापून टाका. तुटक्या मुळांना लांब पात्यांना पाणी पुरवणे झेपत नाही. काळी पडलेली, मऊ लागणारी मुळे छाटा, घट्ट आणि फिकट असलेली सगळी ठेवा. रोप कुंडीतले असेल तर मुळे गोल गोल गुंडाळलेली असतील. ती बोटांनी सोडवा, नाही सुटली तर चाकूने तीन-चार उभ्या चिरा द्या. सोडवली नाहीत तर ती त्याच गोळ्यात फिरत बसतात, आणि असा गोळा गोठत्या जमिनीतून बुचासारखा वर येतो. हे करताना हातमोजे घाला, आयरिसच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. गड्डा पाळीव जनावरांना विषारी आहे, छाटलेले तुकडे तिथेच टाकू नका.

मोठा गड्डा हाती आला की त्याचे सहा तुकडे करून सहा जागी लावावेसे वाटते. पात्यांचा एक जुडगा म्हणजे एक फुटवा. प्रत्येक तुकड्यात निदान तीन फुटवे ठेवा, कडक थंडीत पाच. एकटा फुटवा जगला तरी फुलापर्यंत पोहोचायला फार वेळ घेतो, आणि त्याची पकड इतकी थोडी असते की पहिला हिवाळाच त्याला उचलून टाकतो.

प्रत्यक्ष लावणे

1. खड्डा 30 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर खोल घ्या. दोन रोपांत 60 सेंटिमीटर अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा ओकाबोका दिसेल, दिसू द्या.

2. खड्ड्याच्या तळाशी मातीची छोटी शंकूसारखी उंची करून दाबा. गड्डा तिच्यावर बसवा आणि मुळे चहूबाजूंनी खाली सोडा. वर वळलेले मूळ राहू नये.

3. गड्ड्याचा माथा जमिनीच्या पातळीखाली 3 ते 5 सेंटिमीटर यायला हवा. हलक्या मातीत आणि शरदातल्या लागवडीत 5 धरा. अंदाज चुकतो, म्हणून खड्ड्यावर आडवी काठी ठेवून मोजा.

4. अर्धी माती भरा, पाणी ओता, जिरू द्या, मग उरलेली माती भरा. पाण्याबरोबर माती मुळांच्या मधल्या पोकळ्यांत जाते. या पोकळ्याच पुढे बर्फाची घरे होतात. माती तळहाताने दाबा, टाचेने नको.

5. भोवती मातीची कड करून आळे तयार करा आणि त्यात चार-पाच लिटर पाणी सोडा.

6. पाटी लावा. हिवाळ्यात पाने जमिनीपर्यंत मरतात आणि वसंतात कोंब दिसेपर्यंत 'इथे तर काहीच नाही' म्हणून आपणच कुदळ घालतो. प्लॅस्टिकची पाटी थंडीत तडकते, शिवाय रोप वर उचलले जाते तशी तीही उचलली जाते. वहीत वाफ्याचा नकाशा काढून ठेवा, तो उडून जात नाही.

पाणी

पहिल्या मोसमात आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी मिळायला हवे, पाऊस धरून. 25 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर. एका रोपाभोवतीच्या 40 सेंटिमीटर व्यासाच्या आळ्याला त्या हिशेबाने तीन लिटरच्या थोडे वर लागते. लावल्यावर पहिले दोन आठवडे हे पाणी दोन-तीन वेळा विभागून द्या, पुढे एकदाच, पण खोलवर मुरेल असे. रोज वरवर शिंपडले तर मुळे वरच्याच थरात रेंगाळतात. गोठणाऱ्या जमिनीत वरचा थरच सगळ्यात जास्त हलतो.

बोट मातीत दोन पेरे खुपसा. वाफसा लागला, म्हणजे माती दमट पण चिकट नाही, तर थांबा. कोरडी लागली तर पाणी द्या. जुन्या पानांची टोके तपकिरी पडतील, एखादे पान पिवळे होईल, त्याचे मनावर घेऊ नका. मधून नवे हिरवे टोक निघाले की समजा मुळांनी काम सुरू केले.

शरदात लोक हात आखडता घेतात. थंडी पडली, आता पाणी कशाला? पण मुळे अजून वाढत असतात, आणि कोरड्या जमिनीत गोठलेले नवे रोप आधीच तहानलेले असते. जमीन गोठेपर्यंत पाणी चालू ठेवा, प्रमाण कमी करा, दलदल करू नका.

गोठणारी जमीन आणि आच्छादन

जमीन रोपाला वर कशी ढकलते हे कळले की आच्छादनाचे वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. पाणी गोठताना जवळजवळ 9 टक्के फुगते आणि म्हणून माती वर येते, असे वाटणे साहजिक आहे. पण तेवढ्याने रोप बोटभर वर येणार नाही. स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने 1930 च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली. बेंझीन गोठताना आक्रसते, तरीही माती वर उचललीच गेली! खरा प्रकार असा: माती वरून गोठू लागली की गोठणाऱ्या थराकडे खालचे पाणी खेचले जाते आणि तिथे बर्फाच्या भिंगासारख्या चकत्या वाढत जातात. चकती वाढते तसा तिच्यावरचा थर रोपाला धरून वर जातो. ऊन पडले की चकती वितळते, माती खाली बसते, रोप मात्र अर्धवट वरच राहते, कारण त्याच्याखालची पोकळी चिखलाने भरलेली असते. पुढच्या रात्री पुन्हा तेच. बारीक गाळाच्या, ओल्या जमिनीत हे सगळ्यात जास्त होते, जाड वाळूत कमी.

म्हणजे रोपाला नडते ते गोठणे-वितळणे यांचे पाळीपाळीने येणे. एकदा गोठून वसंतापर्यंत तशीच राहिलेली जमीन निरुपद्रवी असते. म्हणून आच्छादन जमीन उबदार ठेवायला घालायचे नसते, गोठलेली जमीन गोठलेलीच ठेवायला घालायचे असते.

यावरून वेळ आपोआप ठरते. माती वरून दोन-तीन सेंटिमीटर कडक झाली, खुरपे आपटल्यावर टणक आवाज आला, की आच्छादन घाला. आधी घातले तर जमीन उशिरा गोठते, गड्डा दमट उबेत कुजतो, आणि उंदरांना आयते घर मिळते. पेंढा किंवा पाइनच्या सुया 10 ते 15 सेंटिमीटर जाडीने पसरा. सुया मला जास्त आवडतात, त्या दबून चपट्या होत नाहीत आणि वाऱ्यात एकमेकींत अडकून राहतात. मॅपलसारखी रुंद पाने ओली झाली की एकावर एक चिकटून चामड्यासारखा थर होतो, तो गुदमरवतो. तीच वापरायची असतील तर आधी बारीक करा. वर काही फांद्या टाकल्या की आच्छादन उडत नाही आणि बर्फही अडून साठतो.

त्याआधी आयरिसची स्वतःची पाने कापायची. कडक थंडीने ती तपकिरी पडली की 5 सेंटिमीटर खुंट ठेवून कापा आणि बागेबाहेर टाका. हिरवी असताना कापू नका, ती अजून गड्ड्यात अन्न साठवत असतात. उत्तर अमेरिकेत बाग करत असाल तर हे काम चुकवायचे नाही. तिथल्या आयरिस पोखरणाऱ्या अळीचा पतंग शरदात याच पानांवर अंडी घालतो, आणि वसंतात अळी पानातून उतरत गड्ड्यापर्यंत जाते. सायबेरियनला तिचा उपद्रव दाढीवाल्यापेक्षा कमी असतो, पण नवे रोप इतके लहान असते की एक अळी पुरते.

बर्फ वितळताना

हिवाळा सरत आला की आठवड्यातून एकदा वाफ्याकडे चक्कर मारा. रोप उचललेले दिसले तर माती मऊ असेल त्या दिवशी तळहाताने हळू दाबून बसवा. माती अजून कडक असेल तर जबरदस्ती करू नका, उघड्या मुळांवर ओलसर माती किंवा कंपोस्ट टाकून झाका आणि वितळल्यावर नीट बसवा. पूर्ण बाहेर पडलेले रोपही लगेच फेकू नका. गड्डा दाबून बघा. टणक असेल तर काही तास पाण्यात ठेवून पुन्हा लावा. मऊ असेल आणि वास येत असेल तर गेले.

आच्छादन एका दिवसात ओरबाडून काढू नका. अर्धे काढा, आठ-दहा दिवस थांबा, मग उरलेले गड्ड्यावरून बाजूला सारा. बाजूला सारलेले तिथेच राहू द्या, उन्हाळ्यात ते ओल धरते. कोंब उशिरा येतात, धीर धरा. उगवलेल्या कोंबांवर हलके दव गोठले तर टोके पिवळी पडतात, बाकी काही होत नाही.

कोंब बोटभर झाले की पहिल्यांदा खत द्या: संतुलित दाणेदार खताची एक मूठ, गड्ड्यापासून वीतभर दूर, पाणी देऊन. जम बसलेला सायबेरियन आयरिस नत्राला चांगलाच हावरा असतो, पण ती भूक पुढच्या वर्षांची.

फूल कधी?

शरदात लावलेल्या रोपाला पुढच्या उन्हाळ्यात एखादा देठ येतो, किंवा येत नाही. दुसऱ्या वर्षी दोन-चार, आणि तिसऱ्या वर्षी खरा गड्डा दिसतो. पहिल्याच मोसमात आलेला देठ कापावा की ठेवावा यावर दोन मते आहेत. मी फूल बघतो आणि ते सुकताच देठ कापतो, म्हणजे शेंग धरत नाही. शेंगेत जाणारे अन्न त्या वर्षी मुळांना हवे असते. शिवाय गळलेल्या बियांतून उगवलेली रोपे मूळ वाणासारखी निघत नाहीत आणि आईच्याच गड्ड्यात मिसळून जातात.

दुसऱ्या हिवाळ्यात आच्छादन लागतेच असे नाही. वसंतात रोपाला दोन बोटांत धरून हलकेच वर ओढून बघा. जागचे हलले नाही तर मुळांनी पकड घेतली, त्या वर्षी पाने कापा आणि बर्फावर सोडा. हलले तर आणखी एक हिवाळा पेंढा घाला. पाणी मात्र दुसऱ्या उन्हाळ्यातही, विशेषतः कळ्या येताना आणि फुले संपल्यानंतरच्या महिन्यात, विसरू नका. आणि फुले कमी आली म्हणून तिसऱ्या वर्षाच्या आत रोप उपटून दुसरीकडे लावू नका. प्रत्येक वेळी मुळे तुटतात आणि मोजणी पुन्हा पहिल्या हिवाळ्यापासून सुरू होते.